थ्रासोस मास्तरांचा विस्तारवाद

"जागेची कसली काळजी करता, व्याहीबुवा! आपलं अंगण आहे की! वर तुतीची सावली, खाली समुद्र आणि मध्ये तुम्ही-आम्ही! पन्नास माणसं ऐसपैस बसतील!"

फोन ठेवून थ्रासोस मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. मागं एव्हान्थियाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"अंगण?" बाई म्हणाल्या. "कुणाचं?"

"आपलं."

"आपल्याला अंगण आहे?"

"सोमवारपर्यंत होईल!"

बाईंची शंका रास्त होती. आस्प्रोखोरी गावातल्या त्या बोळात मास्तरांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक उंबरा. उंबऱ्यापुढं एक खुर्ची आणि तुळशीचा एक डबा, एवढीच जागा. दुसरं माणूस बसायला आलं की डबा आत न्यावा लागायचा आणि तिसरं आलं तर मास्तर स्वतः आत जायचे.

पण प्रकरण नाजूक होतं. मास्तरांची एकुलती एक लेक मिर्सिनी अथेन्सला नोकरीला होती. तिथंच तिचं आर्गिरिसशी जमलं. मुलगा सोन्यासारखा. पण त्याचे आईवडील कीफिसियाचे, म्हणजे बड्या लोकांच्या वस्तीतले. बंगला, बाग, बागेत कारंजं! होणाऱ्या विहीणबाई क्लेलिया फोनवर साखरेच्या आवाजात म्हणाल्या होत्या, "लग्न आमच्या बागेतच करू या ना? तुमच्याकडं बेटावर उगाच जागेची अडचण." तो 'अडचण' शब्द मास्तरांच्या काळजात घुसला. मिर्सिनीला लग्न गावातच हवं होतं. आणि मास्तरांनी तर ती पाळण्यात असल्यापासून एकच चित्र मनात जपलं होतं. आपल्या उंबऱ्यातून लेक पांढऱ्या पोशाखात बाहेर पडतेय, पुढं व्हायोलिन वाजतंय आणि सगळा बोळ तिच्यामागून मोठ्या चर्चकडं चाललाय. त्या चित्रासाठी मास्तर काहीही करायला तयार होते. खोटं बोलायला तर होतेच, वेळ पडली तर काम करायलाही!

ईस्टरच्या सोमवारी दुपारच्या बोटीनं व्याही, विहीण आणि जावई 'जागा बघायला' येणार होते. जागा पटली तर लग्न गावात, नाहीतर कारंज्यापाशी.

"अहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत," बाई म्हणाल्या.

"अगं, तू इतिहास वाचलेला नाहीस!" मास्तर गरजले. "अंथरूण पाहून पाय पसरले असते तर जगात एक तरी साम्राज्य झालं असतं का?"

मास्तरांनी जन्मभर गावच्या शाळेत इतिहास शिकवला होता. त्यांचा लाडका शब्द एकच, विस्तारवाद. त्याची व्याख्या गावातल्या प्रत्येक माणसाला पाठ होती, कारण ज्याला येत नसे त्याला मास्तर बाहेर वाऱ्यात उभं करायचे आणि त्या बेटावरचा वारा व्याख्या शिकवूनच सोडायचा. 'आपली सीमा ओलांडून दुसऱ्याची भूमी हळूहळू आपलीशी करण्याचं धोरण म्हणजे विस्तारवाद.' मग फळ्यावर रोम काढायचे. आधी टिकलीएवढं, मग बशीएवढं, मग फळाभर. "आणि शेवटी काय झालं?" "कोसळलं, मास्तर!" सगळा वर्ग ओरडायचा. म्हणजे शेवटही मास्तरच शिकवायचे. पण आपण शिकवलेल्यातलं माणूस सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतं.

आता हा विस्तार करायचा कसा? तोफा नव्हत्या, सैन्य नव्हतं. होती ती चुन्याची बादली!

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात अख्खं आस्प्रोखोरी चुना लावतं. घराच्या भिंती, पायऱ्या आणि दारापुढच्या फरशीचे सांधेसुद्धा. प्रत्येक बाई आपल्या हद्दीपर्यंत पांढऱ्या रेघा ओढते, तिथून पुढं शेजारणीची हद्द. कुठं नकाशा नाही की कागद नाही, पण गावाचा कायदा पक्का आहे, 'चुना ज्याचा, झाडलोट त्याची.' हे सगळं बायकांचं खातं. पुरुषमंडळी त्या आठवड्यात कॉफीच्या दुकानात बसतात आणि घरी आल्यावर "पाय कुठं ठेवू?" एवढंच विचारतात.

"यंदा चुना मी लावतो," मास्तर म्हणाले.

एव्हान्थियाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

पहिली स्वारी समोरच्या याकोव्होसवर झाली. याकोव्होस म्हणजे जुना खलाशी. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. पांढऱ्याशुभ्र बोळात त्याच्या दारापुढचा तुकडा तेवढा काळपट दिसायचा, हसऱ्या तोंडातल्या पडलेल्या दातासारखा. मास्तरांनी मुहूर्त दुपारचा धरला. जेवणानंतर त्या बेटावर कुत्रंसुद्धा जागं नसतं! मास्तर गुडघे टेकून बसले, ब्रश बुडवला आणि भराभर सांधे रंगवत थेट याकोव्होसच्या पायरीपर्यंत पोचले.

तेवढ्यात दार उघडलं. याकोव्होस बनियनवर, डोळे चोळत.

मास्तरांची तयारी होती. ते ब्रश उगारून उभे राहिले. "याकोव्होस, शांतपणे ऐकून घे. या जागेवर माझ्या आजोबांचं खेचर बांधलं जायचं!"

"खेचर?"

"ऐतिहासिक हक्क!"

पण याकोव्होसचं लक्ष खेचराकडं नव्हतंच. तो फरशीकडं बघत होता. "देस्पिना गेल्यापासून या दगडांना कुणी हात लावला नव्हता, मास्तर," तो म्हणाला. "मागच्या वर्षी मी बादली घेऊन बसलो होतो. नाही जमलं. तसाच उठलो." आणि त्यानं मास्तरांना गच्च मिठी मारली. चुना दोघांनाही लागला.

मास्तर गोंधळले. शत्रू लढेल, ओरडेल, गेला बाजार तुतीचा फोक घेऊन धावेल, अशी त्यांची अपेक्षा होती. मिठीबद्दल इतिहासाच्या पुस्तकात काहीच नव्हतं.

"बरं, मास्तर," डोळे पुसत याकोव्होस म्हणाला, "आता चुना तुमचा म्हटल्यावर हे गटारही तुमच्याकडं आलं. मधूनमधून तुंबतं. काठीनं नाही निघत, हात घालावा लागतो. खांद्यापर्यंत."

"गटार?"

"आणि मांजरं."

"कुठली मांजरं?"

"देस्पिनाची. याच जागी जेवायची सवय आहे त्यांना. माझ्या हातचं नाही खात, मेली."

संध्याकाळपर्यंत गल्लीतली समस्त मांजरं मास्तरांच्या उंबऱ्यापुढं येऊन बसली आणि रेशनच्या रांगेतल्या माणसांसारखी दाराकडं बघत राहिली.

"काय मिळालं?" बाईंनी विचारलं.

"चार हात भूमी! आणि थोडी प्रजा."

"प्रजेला मासा लागतो," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पण मास्तरांची खरी नजर होती ती पुढच्या वळणावर. बोळ जिथं संपतो तिथं थोड्या पायऱ्या उतरून संत योर्गीचं चिमुकलं चर्च आहे. घुमट एवढासा. पुढं फरसबंदी आवार, आवारात तुतीचं मोठं झाड आणि कठड्यापलीकडं नुसता समुद्र! फोनवर व्याह्यांना सांगितलेलं अंगण ते हेच. ते चर्च पिढ्यान्‌पिढ्या कालिरोईमावशींच्या घराण्याकडं. दरवर्षी संत योर्गीच्या सणाला सगळा गाव तिथं जेवायचा. सण एरवी एप्रिलात येतो, पण ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आला की ईस्टरच्या सोमवारी ढकलतात. यंदा ढकलला होता. आणि यंदाच मावशींनी जाहीर करून टाकलं होतं, "गुडघे गेले, मुलं मेलबर्नला. माझ्याच्यानं आता होत नाही. सोमवारी चर्चला कुलूप." बिचाऱ्या महिनाभर रडत होत्या.

"सत्तेची पोकळी!" मास्तर टाळी वाजवून म्हणाले. "अगं, सोमवारी आवार रिकामं! पोकळी कुणीतरी भरायचीच असते, हा इतिहासाचा नियम आहे."

"मावशींना विचारा तरी."

"विचारून केला तर तो विस्तार कसला!"

मग काय, भटाला दिली ओसरी! दुसऱ्या दुपारी मास्तरांनी पायऱ्या घेतल्या, आवार घेतलं, तुतीच्या बुंध्यालाही पांढरा पट्टा मारला. कठड्यापाशी खुर्ची टाकून बसूनही बघितलं. वारा मंद, समुद्र निळा. उजव्या बाजूला विहीणबाई, डावीकडं व्याही, मध्ये लिंबाचं सरबत! पण मान वळवली आणि मास्तरांचा चेहरा उतरला. पांढऱ्याधोप आवारापुढं चर्चची भिंत पिवळट दिसत होती. हे चालायचं नाही! सीमेवर अशी पिवळट भिंत ठेवून कुठलं साम्राज्य सुखानं झोपलंय? त्यांनी भिंत रंगवली. भिंत झाल्यावर घुमट डोळ्यांत खुपायला लागला. शिडी लावून त्यांनी घुमटालाही दोन हात दिले!

एव्हान्थियाबाई कॉफी घेऊन आल्या त्या पायरीवरच थबकल्या.

"अहो, चर्चला चुना लावलात?"

"लावला!"

"घुमटालासुद्धा?"

"घुमटालासुद्धा!"

बाई मटकन खालीच बसल्या. "अहो, घुमट म्हणजे... तुम्हाला माहीत आहे का, घुमटाला जो..."

"मध्ये बोलू नकोस!" मास्तर शिडीवरून म्हणाले. "जन्मभर हा विषय शिकवलाय मी. मला आता चुना लावायला शिकवणार का तू?"

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं, घुमटाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बरं."

लग्न होऊन बरीच वर्षं झालेल्या माणसाला या 'बरं'ची धास्ती वाटायला हवी. पण विजयी माणसाच्या कानात वारं शिरलेलं असतं. बाई कपबशी घेऊन तडक आपल्या बहिणीकडं गेल्या आणि मोठी पातेली मागून आल्या. मास्तरांना वाटलं, ईस्टरची तयारी.

गुरुवारी घरोघरी ईस्टरची अंडी लाल रंगात बुडत असताना कालिरोईमावशी काठी टेकत दारात आल्या. मास्तरांनी छाती पुढं काढली. खेचराचा मुद्दा इथं चालणार नव्हता, म्हणून त्यांनी 'नैसर्गिक सीमा' तयार ठेवल्या होत्या. पण मावशी सरळ त्यांच्यापाशी आल्या. त्यांनी पदराच्या, म्हणजे एप्रनच्या, खिशातून लोखंडी किल्ली काढली, मास्तरांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांचं डोकं खाली ओढून कपाळाचं चुंबन घेतलं.

"थ्रासोस, लेकरा," त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, या गावात आता कुणी राहिलं नाही. संत योर्गी तुला शंभर वर्षं आयुष्य देवो." आणि डोळे पुसत निघून गेल्या.

"एव्हान्थिया!" मास्तर आनंदानं किंचाळले. "शरणागती! गावाची किल्ली! रोमच्या सेनापतींना अशाच किल्ल्या मिळायच्या!"

"ठेवा नीट," बाई कांदे मोजत म्हणाल्या. "लागेल सोमवारी."

संध्याकाळी मास्तर कॉफीच्या दुकानात शिरले तर सगळं दुकान उठून उभं राहिलं! कुणी हात हातात घेतला, कुणी पाठ थोपटली. "शाब्बास, मास्तर! गावाची लाज राखलीत!" मास्तर मनात म्हणाले, याला म्हणतात परराष्ट्रांची मान्यता. कोपऱ्यातून त्यांचा जुना विद्यार्थी सारांतिस उठला. तो आता गावचा खाटीक आणि किराणावाला, दोन्ही होता.

"मास्तर, सोमवारसाठी बोकड काढून ठेवतो. किती ठेवू?"

"अर्धी मांडी पुरे रे. आम्ही सहाच माणसं."

सारांतिस पोट धरधरून हसला. "सहाच माणसं! ऐका रे, ऐका! मास्तरांचा विनोद अजून तसाच आहे!" सगळं दुकान हसलं. मास्तरही हसले. का, ते त्यांना कळलं नाही.

कळलं शनिवारी. सकाळी बोळात गडगडाट झाला. मास्तर बाहेर येऊन बघतात तर दोन गडी एक तांब्याचा हंडा पायऱ्यांवरून गडगडवत आणत होते. हंडा कसला, त्यात माणूस पोहला असता! त्यामागून दुसरा. गावजेवणाचे हंडे ते.

"कुणाकडं रे?" मास्तरांनी सहज विचारलं.

"तुमच्याकडं की!" गडी म्हणाले आणि हंडे उंबऱ्याशी टेकवून गेले. तुळशीचा डबा आत न्यावा लागला.

"एव्हान्थिया," मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हे हंडे..."

"घुमटाला जो चुना लावतो त्या घरचा यंदाचा सण," बाई म्हणाल्या. "त्यानं गावाला जेवू घालायचं. लहान पोरींनासुद्धा माहीत आहे. मी सांगत होते, तर तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नकोस."

"पण मला कसं माहीत नाही? मी दरवर्षी जातो त्या सणाला!"

"जेवायला जाता! चुना कधी लावतात, हंडे कोण घासतं, कुठं बघितलंत?"

मास्तर हंड्याच्या कडेवर बसले. त्यांच्या डोळ्यांपुढून ते अंगण, ते सरबत, तो मंद वारा, सगळं धुरात विरत चाललं. सोमवारी आवारात विहीणबाईंच्या शेजारी अख्खं गाव असणार होतं! चुली, धूर, मटण, व्हायोलिन आणि शिवाय कुणीही सहज बोलून जाणार, "अंगण? हे तर संत योर्गीचं आवार!" मग लग्न कारंज्यापाशी. लेक दुसऱ्याच्या फाटकातून निघणार आणि तेही आपण फुशारकी मारली म्हणून. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मास्तरांना मनापासून रडू आलं.

"किल्ली परत देऊन येतो," ते उठत म्हणाले.

मावशींच्या घरी दिवा लावलेला होता. नवऱ्याच्या फोटोपुढं बसून मावशी मोठ्यानं बोलत होत्या, "सांगितलं ना तुम्हाला, शाळेतला थ्रासोस. लहानपणी आपल्या तुतीवरून पडला होता तो. त्यानं घेतलं सगळं अंगावर. तुम्ही आता निजा निवांत." दारातल्या मास्तरांकडं वळून त्या म्हणाल्या, "का रे, लेकरा?"

"काही नाही, मावशी," मास्तर म्हणाले. "कांदे किती लागतात, तेवढं विचारायला आलो होतो."

रविवारी सगळं गाव कोकरं भाजत होतं, लाल अंडी एकमेकांवर आपटत होतं आणि मास्तर कांदे चिरत होते. ईस्टरच्या दिवशी इतका रडलेला माणूस गावानं पूर्वी पाहिला नव्हता.

सोमवार उजाडला. प्रार्थना झाली, चुली पेटल्या, हंड्यांत बोकड शिजायला लागले, त्याच रश्श्यात मॅकरोनी पडली. मास्तर एप्रन लावून हातात वल्ह्याएवढा डाव घेऊन उभे. एव्हान्थियाबाई बोळातल्या बायकांना हुकूम सोडत होत्या. देस्पिनाची मांजरं हंड्याभोवती गस्त घालत होती. आणि बोट बंदराला लागल्याचा भोंगा वाजला त्याच घटकेला वरून याकोव्होस ओरडला, "मास्तर! तुमचं गटार तुंबलं!"

मटण धुतलेलं सगळं पाणी बोळात पसरत होतं. पाहुण्यांची वाट तीच! मास्तर धावले, पालथे पडले आणि हात घातला. खांद्यापर्यंत.

"बाबा?"

मास्तरांनी मान वर केली. समोर मिर्सिनी. तिच्यामागं जावई. त्यामागं पांढऱ्या लिननच्या सुटातले व्याही स्तामातिसराव आणि गर्द निळ्या रेशमी पोशाखातल्या क्लेलियाबाई. साहजिकच मास्तरांनी स्वागतासाठी हात पुढं केला. तोच हात!

क्लेलियाबाई दचकून मागं सरल्या आणि चर्चच्या पायऱ्यांशेजारच्या, नव्यानं चुना लावलेल्या भिंतीला टेकल्या. पुन्हा पुढं झाल्या तेव्हा त्यांची पाठ मानेपासून टाचेपर्यंत पांढरी होती.  नुसता हंडा रटरटत होता.

"अगंबाई, भाग्य उजळलं!" कालिरोईमावशी काठी आपटत पुढं आल्या. "सणाच्या दिवशी संत योर्गीचा चुना ज्याच्या अंगाला लागतो, तो या गावचा होतो! विहीणबाई, आता तुम्ही आमच्याच!"

अशी कुठलीही प्रथा आस्प्रोखोरीत कधीच नव्हती. पण बायकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी क्लेलियाबाईंच्या हातात वाइनचा पेला दिला, कुणी बाही धरून तुतीखाली नेलं आणि बसवलं. स्तामातिसरावांना तर सारांतिसनं केव्हाच हंड्यापाशी ओढलं होतं. पहिली थाळी ते काट्यानं जेवले, दुसरी बोटांनी आणि तिसऱ्या थाळीला त्यांनी सुटाचा कोट काढून मांजरांच्या अंगावर टाकला.

"व्याहीबुवा," घाम पुसत ते म्हणाले, "ही सगळी माणसं तुमच्या अंगणात जेवतात?"

मास्तरांनी लेकीकडं बघितलं. ती ओठ दाबून त्यांच्याकडंच बघत होती. ती याच बोळात वाढली होती, तिला काय सांगायचं! मास्तरांना शरम वाटली, अगदी पोटातून. "खरं सांगायचं तर, व्याहीबुवा," ते म्हणाले, "हे अंगण माझं..."

"त्यांचंच!" याकोव्होस तोंडातला घास न गिळता म्हणाला. "चुना कुणाचा, बघा ना."

"किल्लीही त्यांच्याकडंच," मावशी म्हणाल्या.

"गटारही!" कुणीतरी मागून पुष्टी दिली.

क्लेलियाबाईंनी चौफेर नजर फिरवली. पोरं कठड्यावर, म्हातारे तुतीखाली, व्हायोलिनवाला पायरीवर, बायका एकमेकींच्या ताटात वाढताहेत. त्यांच्या पाठीवरचा चुना आता कुणाच्या लक्षातही नव्हता, त्यांच्यासुद्धा. "आमच्या बागेत पन्नास माणसं आली तर गवत तुडवतात म्हणून मला झोप येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मिर्सिनी, लग्न इथंच होऊ दे, बाळा."

मिर्सिनी धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते हातानं पुसले. पुन्हा तोच हात!

इथं गोष्ट संपायला हवी होती. साम्राज्य स्थापन झालं, परराष्ट्रांनी मानलं, लेकीचं लग्न ठरलं. त्या संध्याकाळी मास्तरांनी मावशींना किल्ली परत करायचा प्रयत्न केला, तर मावशी हसून म्हणाल्या, "अरे, ती परत घ्यायची नसते. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनीही असंच एकदा हौसेनं घुमटाला चुना लावला होता!"

ऑगस्टच्या अखेरीला लग्न. लग्नाआधी बोळ पुन्हा पांढरा करायची रीत आहे. बायका बादल्या घेऊन बाहेर पडल्या, चुना लावत आल्या आणि आपापल्या हद्दीच्या अलीकडंच थांबल्या. एकीनं चार दगड सोडले, दुसरीनं सहा. तिसरीनं तर आपली अख्खी पायरीच सोडली!

"अगं, तुमचं राहिलं की!" मास्तर म्हणाले.

"राहिलं कुठं? तुमच्यासाठी ठेवलंय, मास्तर! तुमचीच लेक चालणार ना यावरून? तुम्हाला आवडतं, माहीत आहे आम्हाला!"

मास्तरांनी उंबऱ्यापासून मोठ्या चर्चकडं नजर टाकली. पुरा बोळ त्यांच्यासाठी खुला होता. सगळं गाव माघार घेत होतं! शेवटी गुडघ्याला फडकी बांधून ते खाली बसले आणि सांध्यामागून सांधा रंगवत निघाले. उन्हं कलली तरी ते सारांतिसच्या दुकानाशीच होते. सारांतिस दारात सुरी पुसत उभा होता.

"मास्तर," तो म्हणाला, "विस्तारवाद म्हणजे काय हो?"

"आपली सीमा ओलांडून दुसऱ्याची भूमी हळूहळू आपलीशी करणं," मास्तर मान वर न करता म्हणाले, "आणि मग जन्मभर ती झाडत बसणं! खाली बस, मूर्खा!"

पण मनातून ते सुखावले होते. उद्या याच रेघांवरून मिर्सिनी चालत जाणार. आपल्या उंबऱ्यातून निघणार, आपल्या हातानं रंगवलेल्या वाटेनं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चुना झोंबला, असं त्यांनी सारांतिसला सांगितलं. शेवटचा सांधा रंगवून ते कंबर धरून कसेबसे उभे राहिले आणि ब्रश बादलीत टाकला.

तेवढ्यात बोळाच्या पार दुसऱ्या टोकाहून, तुतीखाली खुर्ची टाकून कॉफी पीत बसलेल्या एव्हान्थियाबाईंचा आवाज आला, "अहो! घुमट राहिला!"